‘द रीडर’ (२००८): हॅनाचं गुपित, कोर्टातला तो कागद आणि महिन्याला साठ बायका

कोपऱ्यातला_वाचक (धागाकर्ता)

आधीच सांगतो, खाली शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. पाहिला नसेल तर पाहून या, जेमतेम दोन तासांचा आहे.

पाहून बरेच दिवस झालेल्यांसाठी उजळणी. १९५८, पश्चिम जर्मनी. पंधरा वर्षांचा मिखाएल तापाने आजारी पडतो आणि एका इमारतीच्या दारात ओकतो. तिथे राहणारी, ट्रामवर कंडक्टर असलेली छत्तीस वर्षांची हॅना श्मिट्स त्याला सावरून घरी पोचवते. पुढे दोघांचं जुळतं आणि एक रीत पडते. आधी त्याने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, बाकीचं त्यानंतर. ओडिसी, हकलबरी फिन, चेकॉव्ह, अगदी टिनटिनसुद्धा. एक दिवस ती खोली रिकामी करून निघून जाते, चिठ्ठी नाही की निरोप नाही. १९६६ साली मिखाएल हायडेलबर्गला कायदा शिकत असतो. वर्गाबरोबर एक खटला ऐकायला जातो, तर आरोपींच्या बाकावर हॅना. छळछावणीची माजी पहारेकरीण. तीनशे ज्यू बायका चर्चमध्ये कोंडलेल्या, चर्च पेटलं, दार कुणी उघडलं नाही. त्या रात्रीचा अहवाल कुणी लिहिला यावर गाडी अडते. न्यायाधीश हस्ताक्षराचा नमुना मागतात आणि हॅना म्हणते, गरज नाही, मीच लिहिला. तिला लिहितावाचता येत नाही हे मिखाएलला तिथे बसल्या बसल्या उमगतं, आणि तो गप्प राहतो. तिला जन्मठेप होते.

मिखाएलने बोलायला हवं होतं का, यावर वाद घालून घालून चोथा झालाय. माझे प्रश्न वेगळे आहेत. एक, हे गुपित कोर्टाला कळलं असतं तर निकालात नेमका किती फरक पडला असता? मनाला काय वाटतं ते नको, कायद्याने सांगा. दोन, मिखाएलने पुस्तकं वाचून भरलेल्या कॅसेट तुरुंगात ऐकून ती वाचायला शिकते, हे खरंच जमण्यासारखं आहे का?

काळा_डगला

पहिल्या प्रश्नापुरतं. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

जर्मन दंडसंहितेत खून म्हणजे कलम २११. नुसतं ठार मारणं त्याला पुरत नाही. नीच हेतू, क्रौर्य, दगाबाजी यांतलं काहीतरी सिद्ध व्हावं लागतं. ते नसेल तर कलम २१२, साधा मनुष्यवध. आणि युद्धकाळातले मनुष्यवध १९६० सालीच मुदतबाह्य झाले होते, कारण पंधरा वर्षांची मुदत ८ मे १९४५ पासून मोजली गेली. म्हणजे १९६६ च्या कोर्टापुढे दोनच वाटा. खून सिद्ध करा, नाहीतर आरोपीला सोडा.

त्यात आणखी एक पोटभेद: मुख्य गुन्हेगार की साथीदार? मुख्य गुन्हेगाराला जन्मठेप ठरलेली, साथीदाराला तीन ते पंधरा वर्षं. तिथली न्यायालयं त्या काळात सगळा भर यावर देत की आरोपीने कृत्य ‘स्वतःचं म्हणून’ केलं की दुसऱ्याचं म्हणून. एका सोव्हिएत हेराने म्युनिकमध्ये दोन माणसं स्वतःच्या हाताने विष फवारून मारली होती, तरी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला साथीदार मानलं. आठ वर्षं! हुकूम मॉस्कोचा होता म्हणून. हा निकाल छावणीवाल्यांच्या वकिलांना आयता सापडला.

आता कागदाकडे या. तो अहवाल खुनाचा पुरावा नव्हताच. आग बॉम्बची होती. दार न उघडणं हा गुन्हा, आणि तो सहाही जणींचा सारखा. अहवालाचा उपयोग एवढाच की जिने लिहिला ती प्रमुख, ती निर्णय घेणारी, म्हणून तिचं कृत्य ‘स्वतःचं’. बाकीच्या पाचजणी नेमकं हेच तिच्या गळ्यात बांधतात, आणि चार वर्षं काही महिन्यांवर सुटतात. तिला जन्मठेप. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: गुपित फुटलं असतं तर ती निर्दोष सुटली नसती, पाचजणींच्या रांगेत जाऊन बसली असती. फरक जन्मठेप आणि चार-पाच वर्षं एवढा. कमी नाही, पण न्याय आणि अन्याय यांच्यातला म्हणाल तर तोही नाही.

शंकासुर

पण कबुली दिली की कोर्टाचं काम संपतं ना? त्यात कोर्टाची काय चूक?

काळा_डगला

नाही संपत. तिथली पद्धत आपल्यासारखी दोन पक्षांच्या कुस्तीची नाही. सत्य शोधणं ही न्यायाधीशाची स्वतःची जबाबदारी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४४ मध्येच ते लिहिलंय. कबुलीसुद्धा तपासून घ्यावी लागते. म्हणून ‘गरज नाही, मीच लिहिला’ एवढ्यावर कागद-पेन बाजूला सारणं ही त्या प्रसंगातली सगळ्यात मोठी सूट आहे, आणि ती लेखकाने जाणूनबुजून घेतली असणार. मूळ कादंबरीकार बेर्नहार्ड श्लिंक स्वतः कायद्याचे प्राध्यापक, न्यायाधीशही होते.

हस्ताक्षराबद्दलही थोडं. अशा तपासणीत दोन प्रकारचे नमुने लागतात. एक, तज्ज्ञासमोर मुद्दाम लिहून घेतलेले. दोन, वादाच्या आधी सहज लिहिलेले कागद: अर्ज, पत्रं, पावत्या, रजेच्या चिठ्ठ्या. पहिल्या प्रकारात माणूस अक्षर बदलू शकतो, म्हणून दुसरा जास्त भरवशाचा, आणि तो शक्यतो वादातल्या कागदाच्या काळातलाच हवा. वीस वर्षांत अक्षर बरंच बदलतं. आता हॅनाचे असे कागद गोळा करायला कुणी गेलं असतं तर काय मिळालं असतं? सीमेन्समधला नोकरीचा अर्ज, पहारेकरणीची भरती, ट्राम कंपनीची नोंद, सगळीकडे फार तर सही. वीस वर्षांच्या नोकऱ्यांत स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ नाही, यातच गुपित उघडं पडलं असतं. बचावाच्या वकिलाला हे सुचू नये? पटकथेचा सांधा इथे दिसतो.

आपल्याकडेही साक्ष कायद्याच्या कलम ७३ खाली कोर्ट तुलनेसाठी समोर लिहायला लावू शकत होतं. नव्या अधिनियमात क्रमांक बदलला, तरतूद तीच. अवांतर झालं.

रीळ_नं_२

छान. सिनेमावाल्यांच्या बाजूने थोडी भर.

खुणा कशा पेरल्यात ते दुसऱ्यांदा पाहताना कळतं. सायकलच्या सहलीत हॉटेलात मेनू हातात येतो, ती त्यालाच मागवायला सांगते. नकाशा तो पसरतो, ती बघत नाही. पुस्तक पुढे केलं की ‘तूच वाच’. आणि मुख्य म्हणजे बढती! ट्राम कंपनी कचेरीत बसायचं काम देऊ करते, त्याच रात्री ती गाव सोडते. कोर्टात कळतं की सीमेन्समध्येही बढती चालून आली होती आणि तेव्हाच ती पहारेकरीण म्हणून भरती झाली. कचेरी म्हणजे कागद. कागद आला की पळ. दोन्ही वेळा तेच, फक्त पहिल्यांदा पळून ती छावणीत पोचली.

त्याच सहलीत ती एका खेडेगावच्या चर्चमध्ये मुलांचं समूहगान ऐकत रडते. पहिल्यांदा पाहताना वाटतं, बाई हळवी आहे. चर्चचा प्रसंग कोर्टात ऐकल्यावर ते रडणं परत आठवून बघा.

दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री आणि पटकथाकार डेव्हिड हेअर यांचा सगळ्यात धाडसी निर्णय माझ्या मते हा: युद्धाचं एकही दृश्य नाही. आग नाही, कैद्यांची बर्फातली ती पायपीट नाही, गणवेशातली हॅना नाही. प्रेक्षकाला जे कळतं ते साक्षीतून, म्हणजे मिखाएलला कळतं तेवढंच. आणि मग एकदा तो एकटा रिकामी छावणी बघायला जातो. शब्द नाही. जाळीमागे चपलाबुटांचे ढीग, फळ्यांच्या बराकी, भट्टी. त्या दृश्यात हॅनाचा मागमूस नाही, आणि तेच बरोबर आहे.

निर्मितीत अडथळे म्हणाल तर रांग लागली होती. हॅना करायला निकोल किडमन ठरली होती, गरोदरपणामुळे जानेवारी २००८ मध्ये तिने सोडला, मग केट विन्स्लेट आली. छायाचित्रण रॉजर डीकिन्सने सुरू केलं, मध्ये खंड पडल्यावर ख्रिस मेंगेसने पुरं केलं. तरुण मिखाएल झालेला डेव्हिड क्रॉस जुलै २००८ मध्ये अठरा पूर्ण होईपर्यंत शय्यादृश्यं अडवून धरली होती. निर्माते अँथनी मिंगेला आणि सिडनी पोलॅक दोघेही त्याच वर्षी वारले, चित्रपट पडद्यावर यायच्या आत. ऑस्करची पाच नामांकनं, मिळालं एक, विन्स्लेटला.

एक गंमत. चर्चच्या आगीतून बचावलेल्या मायलेकींपैकी कोर्टात साक्ष देणारी आई आणि पुढे न्यू यॉर्कमधली म्हातारी होत चाललेली मुलगी, दोन्ही भूमिका लेना ओलिनच्या आहेत. मुलगी वयाने आईसारखीच दिसू लागते हे काही न बोलता कळतं.

गमभन

दुसऱ्या प्रश्नावर मी. प्रौढांना अक्षरओळख करून देण्याच्या बाजूने बघू.

ती काय करते ते नीट आठवा. मिखाएलच्या कॅसेटी येऊ लागतात. एक दिवस ती तुरुंगाच्या ग्रंथालयातून चेकॉव्हची ‘कुत्रा घेऊन फिरणारी बाई’ ही गोष्ट मागून आणते. टेप लावते, पान उघडते, शीर्षकापासून सुरुवात करते. एकेक शब्द ऐकून मोजते, पानावर तितक्याव्या ठिकाणी बोट ठेवते. एक शब्द सापडतो. मग तोच शब्द पानभर शोधून पेन्सिलने गोल करत सुटते.

पद्धत खरी आहे. पाठ असलेला मजकूर बोटाने माग काढत ‘वाचणं’ ही लहान मुलांचीही पहिली पायरी असते. शीर्षकापासून सुरू करणं हुशारीचं, कारण तिथे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे नक्की असतं. इंग्रजीत ‘द’ हा शब्द धरणंही बरोबर, कारण शंभर शब्दांत तो पाच-सहा वेळा तरी भेटतो. हरवलात तरी पुढच्या खुंट्यापाशी परत सापडता.

आता कुठे अडतं ते.

बोलण्यात शब्दांमध्ये फट नसते, फट फक्त कागदावर असते. निरक्षर माणसाला ‘वाक्यात किती शब्द’ हे मोजता येणं हेच आधी शिकावं लागतं, आणि ‘द’सारखे बारीक शब्द तर बोलताना पुढच्या शब्दात विरघळून जातात. त्यामुळे पहिल्या ओळीतच एका शब्दाने मोजणी चुकते आणि पानाच्या तळाशी आपण तीन ओळी भरकटलेले असतो. वाचणारा सावकाश, स्पष्ट वाचणारा हवा. मिखाएल तसा आहे, लहानपणापासून सवय झालेली.

दुसरी अडचण: ‘द’ ओळखता आला म्हणजे अक्षरं आली असं नाही. तो शब्द चित्रासारखा ओळखला जातो. चित्रातून अक्षरात उतरायला असे पंधरा-वीस शब्द हवेत, आणि त्यांच्यात सारखं अक्षर सारखा आवाज काढतंय हे कुणीतरी दाखवावं लागतं किंवा स्वतः पकडावं लागतं. हॅना ते एकटीने करते, म्हणून वर्षं लागतात. सिनेमात ती वर्षं पाच मिनिटांत जातात.

तिसरी, जी कुणाच्याच लक्षात येत नाही: भाषांतर. मिखाएलने घरच्या प्रतीतून वाचलं आणि तुरुंगात दुसऱ्या भाषांतरकाराची प्रत असली तर पहिल्याच वाक्यात टेप आणि पान फारकत घेणार. शीर्षक जुळेल, पुढे सगळा गोंधळ. तिला वाटेल आपलंच चुकतंय. चेकॉव्हऐवजी मूळ जर्मन पुस्तक धरलं असतं तर हा धोका टळला असता.

लिहिणं तर वेगळंच खातं. वाचता आलं तरी हाताला वळण लागायला पुन्हा महिने जातात. मोठ्या वयात शिकणारे पेन दाबून धरतात, अक्षर ओळीवर बसत नाही, शब्द सरळ जात नाही. तिच्या चिठ्ठ्या दोन-दोन ओळींच्या असतात त्याचं कारण हेही आहे. आणि तो एकाही चिठ्ठीला उत्तर देत नाही! कॅसेटी पाठवतो, पत्र नाही. नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाला पत्राचं उत्तर न देणं यासारखी शिक्षा नाही. त्या सबंध सिनेमात मला मिखाएलचा सर्वांत मोठा अपराध कोर्टातलं मौन वाटत नाही, हा वाटतो.

कोपऱ्यातला_वाचक

भाषांतराचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. ताई, मराठीत हीच पद्धत चालेल का?

गमभन

अर्धी. आपल्याकडे अक्षर म्हणजे जवळजवळ उच्चारातला एक तुकडा, त्यामुळे आवाजावरून खुणेपर्यंत जाणं इंग्रजीपेक्षा सोपं. ‘कमळ’ तीन आवाज, तीन खुणा. पण ‘द’सारखा फुकटचा खुंटा मराठीत नाही. विभक्ती शब्दालाच चिकटते, ‘घर’चं घरात, घराला, घराचा होतं. ‘आणि’, ‘तो’, ‘होता’ असले शब्द धरावे लागतील. आणि जोडाक्षर आलं की गाडी थांबते, तिथे शेजारी माणूस लागतोच.

बर्लिनकर

मला वाटतं ताईंनी सिनेमाची दुखती नस पकडली, फक्त भाषा बदलून बघा. सिनेमा इंग्रजीत आहे, सगळे जर्मन वळणाचं इंग्रजी बोलतात आणि पुस्तकंही इंग्रजी छापलेली दिसतात. म्हणून ‘द’ची युक्ती चालते. प्रत्यक्षात जर्मन हॅनाच्या हातात ‘दी डामे मिट डेम ह्युंडखेन’ असती. याच शीर्षकात उपपद दोन रूपांत आलंय, दी आणि डेम. पुढे देअर, दास, डेन, डेस. लिंग आणि विभक्तीप्रमाणे तोच शब्द सहा कपडे बदलतो. एक रूप गोल केलं तरी पानभर तेच सापडत नाही. म्हणजे सिनेमाने इंग्रजी निवडलं आणि नकळत तिचं काम निम्म्याने सोपं केलं.

मूळ नाव ‘देअर फोरलेझर’. फोरलेझन म्हणजे दुसऱ्याला वाचून दाखवणं. इंग्रजी ‘रीडर’मध्ये दुसरा माणूसच गायब झाला. आपल्याला ‘वाचून दाखवणे’ हे क्रियापद आयतं आहे, आणि पोथी वाचणारा एक, ऐकणारे दहा ही पद्धतही. मराठी कानाला हे नाव जर्मन कानाइतकंच लागतं.

आता बहुतेकांची शंका: सक्तीचं शिक्षण असलेल्या देशात निरक्षर कशी? हॅनाचा जन्म १९२२ चा, हेर्मानश्टाटचा, म्हणजे आजचं रुमानियातलं सिबिऊ. तिथे जर्मन बोलणारी जुनी वस्ती होती. शाळा तिथेही होत्या, पण निसटायला जागाही होती, आणि सतरा-अठराव्या वर्षी बर्लिनला आलेल्या कामगार मुलीला कुणी पाटी विचारत नव्हतं. आणि आजचं सांगायचं तर २०१८ च्या मोठ्या पाहणीत जर्मनीत ६२ लाख प्रौढांना सलग मजकूर नीट वाचता-लिहिता येत नसल्याचं निघालं. तेही चष्मा विसरलो, हात दुखतोय, तुम्हीच भरा फॉर्म, अशीच कारणं सांगतात.

रस्त्यांची दृश्यं बरीचशी ग्योर्लिट्सची आहेत. पोलंडच्या सीमेवरचं गाव, बॉम्बहल्ल्यातून जवळपास शाबूत राहिलेलं, म्हणून पन्नासच्या दशकातला जर्मनी उभा करायला सोयीचं.

शंकासुर

हे सगळं वाचून माझी अडचण वाढली. तुम्ही सगळे तिच्या निरक्षरपणात इतके रमलात की ती पहारेकरीण होती हे मागेच पडलं. अंगठाबहाद्दर असणं हा गुन्हा धुवून काढणारा साबण आहे का?

काळा_डगला

शंकासुरांना या वेळी शंभर टक्के पाठिंबा. धाग्याच्या नावातल्या साठ बायकांकडे कुणी गेलंच नाही.

कोर्टातला पहिला महत्त्वाचा प्रसंग अहवालाचा नाही, निवडीचा आहे. न्यायाधीश विचारतात, ऑश्विट्झला परत पाठवायच्या बायका कशा निवडल्या? हॅना हिशेब सांगते: आम्ही सहाजणी, प्रत्येकीने दहा निवडायच्या, दर महिन्याला. नव्या येत होत्या, जुन्यांना जागा करायला हवी होती. सहा गुणिले दहा, साठ. त्या मरायला जाताहेत हे ठाऊक होतं का? होतं. मग ती न्यायाधीशांनाच उलटा प्रश्न करते, तुम्ही काय केलं असतंत? हॅना पहाऱ्यावर होती ती छोटी छावणी १९४४ च्या सुरुवातीपासून हिवाळ्यापर्यंत चालली. आठ महिने जरी धरले तरी ४८० बायका, त्यातल्या ८० एकट्या हॅनाच्या बोटाने. हे तिने स्वतःच्या तोंडाने, कुणी दबाव न आणता सांगितलंय. यात कागद नाही, पेन नाही, वाचता येण्याचा संबंध नाही. उलट निरक्षरपणाने इथे भरच घातली: अशक्त मुलींना ती जवळ ठेवायची, रात्री वाचून घ्यायची आणि मग यादीत घालायची. तेव्हा साक्षरता आली असती तर वाचणाऱ्या मुलींची गरज लागली नसती, पण दहाचा आकडा तोच राहिला असता.

आणि कोर्ट काय करतं? हे ऐकतं आणि अहवालाच्या लेखिकेकडे वळतं. कारण त्या काळच्या कायद्याला नेमका ‘प्रमुख कोण’ हा माणूस हवा होता. यंत्र चालवणारे हजार हात त्याला पकडताच येत नव्हते. सिनेमातले प्राध्यापक (ब्रुनो गांझ) म्हणतात तेच, ऑश्विट्झमध्ये आठ हजार माणसं कामाला होती, शिक्षा मूठभरांना. फ्रँकफर्टच्या खऱ्या खटल्यात, डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५, निकालापर्यंत २० आरोपी उरले होते. १७ दोषी, सहांना जन्मठेप, तिघे सुटले. फिर्यादीमागचे सरकारी वकील फ्रिट्झ बावर यांचं म्हणणं होतं की छावणी हेच एक कृत्य माना, तिथे काम केलं म्हणजे भाग घेतला. कोर्टाने मानलं नाही, प्रत्येकाचं वेगळं कृत्य दाखवा म्हणालं.

ते म्हणणं मान्य व्हायला २०११ उजाडलं. म्युनिकमध्ये सोबिबोर छावणीच्या एका पहारेकऱ्याला, देम्यान्युकला, कुठलंही एक विशिष्ट कृत्य सिद्ध न होता २८,०६० खुनांचा साथीदार म्हणून पाच वर्षं झाली. त्यानंतर फायली पुन्हा उघडल्या. आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोण दोषी ठरलं बघा: श्टुटहोफ छावणीची टंकलेखिका, इर्मगार्ड फुर्खनर, वय ९७. दहा हजारांवर खुनांची साथीदार, दोन वर्षं, तीही स्थगित. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. हिचं काम पत्रव्यवहार टाइप करणं. हॅनाला जे येत नव्हतं नेमकं तेच.

रीळ_नं_२

हा मुद्दा जबरी आहे राव. जोडून एक: निवडीचा प्रसंग डॉल्ड्रीने इतका साधा घेतलाय की पहिल्या वेळी निसटतो. विन्स्लेट तो हिशेब पाढा म्हणावा तसा म्हणते. ट्रामवर सुटे पैसे मोजणाऱ्या बाईचा आवाज. अहवालाच्या वेळी मात्र कॅमेरा कागद, पेन, तिचा हात, मिखाएलचा चेहरा असा जवळ जवळ येत जातो. प्रेक्षकाचं मन कुठे अडकवायचं ते त्याने ठरवलंय. बऱ्याच समीक्षकांचा राग याच्यावरच होता.

बर्लिनकर

हायडेलबर्गलाच शिकवणाऱ्या तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये अपराधाचे चार प्रकार सांगितले होते. कायद्याने शिक्षा होते तो, नागरिक म्हणून राज्याच्या कृत्याचा वाटा येतो तो, स्वतःच्या विवेकापुढचा, आणि माणूस मेला पण आपण जिवंत राहिलो याचा. ही फूटपट्टी लावली तर हॅनाचा पहिला कोर्टाने मोजला, चुकीच्या कागदावरून का होईना. तिसरा तिने तुरुंगात कितपत मोजला हे सिनेमा मुद्दाम धूसर ठेवतो. मिखाएल विचारतो, त्या काळाबद्दल विचार करतेस का? ती म्हणते, मेलेले मेलेलेच राहणार. मिखाएलचा वाटा कायद्यात बसतच नाही. कादंबरीत तो वडिलांकडे जातो, ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ते म्हणतात, मोठ्या माणसाच्या भल्यासाठी त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्याने ठरवू नये. सिनेमात वडिलांच्या जागी कायद्याचे प्राध्यापक आहेत आणि ते बरोब्बर उलटं सांगतात, सांगणं तुझं कर्तव्य आहे. गोष्ट तीच, आणि मिखाएलचं गप्प बसणं सिनेमात कितीतरी जड झालं.

शंकासुर

आणि जन्मठेप असून १९८८ ला सुटका कशी? इकडे चौदा वर्षांची दंतकथा आहे, तिकडे काय?

काळा_डगला

तिथे १९७७ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की जन्मठेपेतही सुटकेची खरी आशा असली पाहिजे. मग कलम ५७अ आलं: किमान पंधरा वर्षं, आणि अपराध विशेष गंभीर असेल तर त्याहून जास्त. १९६६ ते १९८८ म्हणजे बावीस वर्षं, हिशेबात बसतं.

कोपऱ्यातला_वाचक

कॅसेटींचा हिशेब कुणी केला का? एवढी ओडिसी किती फितींत मावेल?

रीळ_नं_२

ओडिसी बारा हजारांवर ओळींची. सावकाश वाचली तर बाराएक तास. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे दर बाजूला ४५, तर आठ कॅसेटी. १२० मिनिटांची कुणी जाणकार वापरणार नाही, फीत पातळ, वारंवार मागेपुढे केली की गुंडाळी होते आणि मग पेन्सिल घालून फिरवत बसा. हॅना एकेक वाक्य दहादा ऐकणार, तिला साठचीच योग्य, फीत जाड असते. आणि चेकॉव्हची ती गोष्ट पाऊण तासाची. म्हणजे एका साठच्या कॅसेटमध्ये सबंध मावते. शिकायला तीच का सापडली याचं हे एक साधं कारण असू शकतं. प्रत्येक वाक्यासाठी काउंटर शून्यावर आणून ठेवला की मागे जाणं सोपं, पण दुसऱ्या यंत्रावर तोच आकडा जुळत नाही.

गमभन

शेवटच्या डब्याबद्दल कुणी बोललं नाही. सुटकेआधीच हॅना जीव देते आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात पैसे ठेवून जाते, ते आगीतून बचावलेल्या त्या मुलीला द्यायचे. न्यू यॉर्कमध्ये ती बाई पैसे नाकारते, घेतले तर ती माफी ठरेल. डबा ठेवून घेते, कारण लहानपणी छावणीत नेलेला तिचा असाच डबा चोरीला गेला होता. पैसे ज्यू निरक्षरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत असं मिखाएल सुचवतो, त्यावर तिचा शेरा असा की निरक्षरता ही काही ज्यूंची अडचण नाही. एवढ्या एका वाक्यात शंकासुरांचा सगळा आक्षेप आला आहे, आणि तो सिनेमानेच घातलाय.

बर्लिनकर

टेपचा विषय निघालाच आहे तर. फ्रँकफर्टचा खरा खटला कोर्टाने स्वतःच्या सोयीसाठी ध्वनिमुद्रित केला होता. १०३ फिती, सुमारे ४३० तास. काम झालं की पुसायच्या होत्या, पण राहिल्या, आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या. फ्रिट्झ बावर संस्थेने त्या जालावर ऐकायला ठेवल्यात. जर्मन जेमतेम येत असेल तरी प्रयत्न करा. शेजारी लेखी उतारा आहे, त्यामुळे ऐकता ऐकता शब्दावर बोट ठेवता येतं. एक सूचना: आरोपींपासून सुरू करू नका, ते सगळे ‘आठवत नाही’ म्हणतात, पाच मिनिटांत कंटाळा येतो. साक्षीदारांपासून करा. ते सावकाश बोलतात.